सेल्फ फिरतो का, ते आधी सांगा

गारठा वाढला की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात, आणि निम्म्या पत्रांत एकच ओळ असते: "थंडीत गाडी सुरू होत नाही, उपाय सांगा." अहो, एवढ्यावर मी काय सांगणार? सुरू न होण्याचे तीन प्रकार आहेत. सेल्फ (इंजिनला फिरवून सुरू करणारी मोटर) फिरतच नाही किंवा कण्हत कण्हत फिरतो. सेल्फ झकास फिरतो, पण इंजिन पकडत नाही. किंवा इंजिन पकडतं आणि मग थरथरतं, बंद पडतं. तिन्हींची कारणं वेगळी, तपासणी वेगळी. थंडी स्वतः फारसं काही बिघडवत नाही. उन्हाळ्यात जो पार्ट कसाबसा निभावून नेत होता, त्याला ती उघडा पाडते. म्हणून या अंकात ज्यांनी आवाज, धूर, वास नीट लिहून पाठवलाय त्यांची पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : ताई, पहाटे किल्ली फिरवली की कट-कट-कट असा आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे जवळजवळ विझतात. दुपारी तीच गाडी एका झटक्यात सुरू. मेकॅनिक म्हणतो बॅटरी गेली. बॅटरीवाल्याने काढून तपासली, तो म्हणतो बॅटरी उत्तम आहे. कुणाचं ऐकू?

उत्तर : मल्टिमीटरचं ऐका. साधा मीटरही पुरतो.

आधी तो आवाज. सोलेनॉइडला (सेल्फला वीज जोडून देणाऱ्या विद्युतचुंबकी खटक्याला) ओढून घेण्यापुरता करंट मिळतोय, पण मोटर फिरवायची वेळ आली की व्होल्टेज कोसळतं आणि सोलेनॉइड सुटतो. भार सुटला की व्होल्टेज वर येतं, तो पुन्हा ओढतो. म्हणून कट-कट-कट. एकच जाड 'टक' आला असता आणि दिवे तसेच लखलखीत राहिले असते, तर मी सेल्फवर किंवा त्याच्या वायरवर संशय घेतला असता. तुमच्याकडे दिवे विझतायत, म्हणजे वीज कमी पडतेय. आता ती बॅटरीत कमी आहे की वाटेत अडतेय, एवढाच प्रश्न उरतो.

बॅटरीतली रासायनिक क्रिया गारठ्यात मंदावते. शून्य अंशाला चांगली बॅटरीसुद्धा तिच्या एरवीच्या ताकदीच्या साधारण दोन तृतीयांश जोर देते, उणे १८ अंशांना जेमतेम निम्मा. आणि नेमकं त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जोर जास्त लागतो. बॅटरीवाल्याने बहुधा उबदार दुकानात तपासली, त्यामुळे त्याचं म्हणणं खोटं आहे असं नाही. फक्त तुमची अडचण पहाटेची आहे.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू करण्याआधी, बॅटरीवर मीटर लावा. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. मग दुसऱ्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही मीटर बघा. सौम्य हवेत सेल्फ फिरत असताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाऊ नये. तापमान शून्याच्या आसपास असेल तर व्होल्टेज नऊपर्यंत आलं तरी चालवून घ्यावं. आठावर आलं, तर मेकॅनिक बरोबर.

पण त्याआधी एक तपासणी करा, जी दहातले नऊ जण करत नाहीत. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर ठेवा. खुंटीवर म्हणजे खुंटीवरच, वरच्या क्लॅम्पवर नाही. दुसरं टोक इंजिनच्या कोऱ्या धातूवर. आता सेल्फ मारा. इथे ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी दिसायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर अर्थिंगची वायर किंवा टर्मिनल वीज खातंय, आणि नवी बॅटरी टाकून चार दिवस बरं वाटेल, बस्स. तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फची जाड वायर, हेही मोजा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी असेल तर आधी निगेटिव्ह वायर काढा, मग पॉझिटिव्ह, कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुवा, ब्रशने धातू चमकेपर्यंत घासा. लावताना उलटा क्रम.

गाडी सुरू झाल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान आकडा हवा. नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा. आकडा असूनही बॅटरी सकाळी रिकामी मिळत असेल, तर एक तर तुमच्या फेऱ्या इतक्या छोट्या आहेत की सेल्फने खाल्लेलं परत भरून येत नाही, नाहीतर गाडी बंद असताना काहीतरी वीज पितंय. सगळं झोपल्यावर ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त करंट वाहत असेल तर फ्यूज एकेक काढून चोर शोधा.

आणि हो, रिकामी बॅटरी कडक थंडीत गोठते, कारण तिच्यातल्या ॲसिडचं जवळपास पाणी झालेलं असतं. बाजू फुगलेली किंवा आत बर्फ दिसला, तर तिला चार्जर किंवा जंपर अजिबात लावू नका. फुटते.

प्रश्न : पेट्रोल गाडी, इंजेक्शनवाली. सेल्फ जोरात फिरतो. पहिल्या दोन प्रयत्नांत काही नाही, पेट्रोलचा वासही नाही. चौथ्या-पाचव्या वेळी वास सुटतो, भकभक करत सुरू होते, थोडा काळा धूर येतो. नंतर दिवसभर हात लावताच सुरू. प्लग नवे टाकले, फरक शून्य.

उत्तर : "पहिल्या दोन प्रयत्नांत वासही नाही" हे आवर्जून लिहिलंत ते फार बरं केलंत. म्हणजे आधी पेट्रोल कमी पडतंय, आणि तुम्ही सेल्फ मारत राहता तेव्हा साठत साठत जास्त होतंय. काळा धूर हा शेवटचा अंक आहे, मूळ दुखणं नाही. प्लगवर उगाच राग काढलात.

पेट्रोलचा द्रव जळत नाही, वाफ जळते. थंड इंजिनात बरंचसं पेट्रोल भिंतींवर थेंब होऊन बसतं, म्हणून सुरू करताना एरवीपेक्षा कितीतरी जास्त सोडावं लागतं. पूर्वी ते काम चोक करायचा. आता गाडीचा कॉम्प्युटर करतो, आणि तो एका छोट्या सेन्सरवर विसंबून असतो: कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान सांगणारा. हा सेन्सर थंड असताना जास्त रोध दाखवतो, तापला की कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, शून्याला पाच-सहा हजार, ८० अंशांना तीनशेच्या आसपास. तो म्हातारा होऊन पहाटेच्या गारठ्यात "इंजिन चाळीस अंशांवर आहे" असं सांगायला लागला, तर कॉम्प्युटर तेवढ्याच हिशेबाने पेट्रोल सोडतो. इंजिन उपाशी राहतं.

पकडायचं कसं? रात्रभर उभ्या गाडीला सकाळी, सुरू करण्याआधी, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लावा. किल्ली फक्त 'ऑन'. कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, हे दोन आकडे वाचा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही जवळपास सारखे असायला हवेत, दोन-चार अंशांचा फरक ठीक. एक ८ आणि दुसरा ३५ दाखवत असेल, तर घरातल्या थर्मामीटरने खरा कोण ते ठरवा. उणे ४० दिसलं तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर सुटलाय. अशा वेळी कॉम्प्युटरला स्वतःलाच शंका येते आणि चेक लाइट लागतो. पंचवीस-तीस अंशांची थाप मारणारा सेन्सर मात्र लाइट न लागता वर्षभर निभावून नेतो, आणि तोच जास्त छळतो.

सेन्सर खरं बोलत असेल तर पेट्रोलचा दाब बघा. किल्ली 'ऑन' करा, मागून पंपाची गुणगुण दोन सेकंद येऊन थांबेल, किल्ली बंद करा. असं तीनदा करून मग सेल्फ मारा. आता पहिल्याच वेळी पकडलं, तर रात्रभरात पाइपातला दाब निघून जातोय: पंपातला व्हॉल्व्ह धरत नाही किंवा एखादा इंजेक्टर गळतोय. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हा दोष थंडीचा नाहीच, रात्रभर उभं राहण्याचा आहे. थंडीचा की उभं राहण्याचा, हे ओळखायचं असेल तर उबदार दिवशी गाडी दहा-बारा तास उभी ठेवून सुरू करून बघा. तेव्हाही रडली तर थंडीला सोडा, दाबाच्या मागे लागा. सेन्सरवाल्या दुखण्यात उबदार दिवशी ती सहसा निमूट सुरू होते.

तोपर्यंत, ओव्हरफ्लो होऊन वास सुटला की ॲक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांत याचा अर्थ कॉम्प्युटर "पेट्रोल बंद, नुसती हवा" असा घेतो आणि भिजलेले प्लग वाळतात. पाय वर-खाली करत पंप मारणं कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) काळातलं. तेव्हा त्याने पेट्रोलची पिचकारी उडायची, आता काही होत नाही. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका, आणि मध्ये त्याला अर्धा-एक मिनिट निवू द्या.

प्रश्न : सुरू लगेच होते, पण पहिली पाच मिनिटं मिसिंग करते (सिलिंडर मधूनच पेटत नाही), सिग्नलला बंद पडते. तापली की मऊसूत. चेक लाइट लागला होता, म्हणून कोड पुसून घेतला. आता लाइट नाही, पण मिसिंग आहे.

उत्तर : कोड वाचून घेतला असता तर आज मी तुम्हाला अर्ध्या ओळीत उत्तर दिलं असतं! लाइट लागतो तेव्हा कॉम्प्युटर त्या क्षणाचं टिपण ठेवतो: तापमान किती, आरपीएम किती, कोणत्या सिलिंडरने दगा दिला. पुसलंत की ते टिपणही गेलं. पुन्हा लागेल, तेव्हा आधी सगळं वाचून कागदावर उतरवा.

कोड एकाच सिलिंडरचा निघाला, तर त्याची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर लावा. मिसिंग कॉइलबरोबर सरकलं तर कॉइल दोषी. जागीच राहिलं तर प्लग, इंजेक्टर, आणि मग जरा गंभीर शक्यता: हेड गॅसकेटमधून (इंजिनचा वरचा भाग आणि ब्लॉक यांच्यामधल्या सीलमधून) रात्रभर थोडं कूलंट त्या सिलिंडरमध्ये झिरपतंय. याची खूण म्हणजे सुरू करताना गोडसर वासाचा पांढरा धूर, आणि टाकीतली कूलंटची पातळी दर काही दिवसांनी खाली. पातळी बघायची ती इंजिन थंड असताना. तापलेल्या इंजिनात कूलंटचं झाकण उघडू नये.

कोड सगळ्याच सिलिंडरचा किंवा "मिश्रण पातळ" असा असेल, तर मी हवेची गळती शोधेन. मॅनिफोल्डचं (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांचं) गॅसकेट आणि रबरी नळ्या थंडीत आकसून कडक होतात, फटीतून न मोजलेली हवा आत जाते. तापून फुगल्या की फट मिटते. तुमचं "तापली की मऊसूत" याच्याशी छान जुळतं. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय, तो आकडा) बघा. आयडलिंगला अधिक दहा टक्क्यांच्या वर आणि रेस दिल्यावर खाली येत असेल, तर जवळजवळ नक्की गळतीच. गॅरेजमध्ये धूर सोडायचं मशीन असतं, त्याने फट डोळ्यांना दिसते. आयडलिंगला बंद पडणं थ्रॉटल बॉडीतल्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेभोवतीच्या) काजळीनेही होतं. ती साफ करायला फार वेळ लागत नाही, म्हणून धूर सोडण्याआधी तेही उरकून घ्या.

प्रश्न : डिझेल गाडी आहे. सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर पांढऱ्या धुराचा लोट, डोळे चुरचुरतात, इंजिन हादरत हादरत सुरू होतं. शेजारी म्हणतात स्टार्टिंग स्प्रे मार, कुणी म्हणतं डिझेलमध्ये रॉकेल घाल.

उत्तर : शेजाऱ्यांना चहा पाजा आणि बॉनेटपासून लांब ठेवा. हीटर प्लग (सुरू करताना सिलिंडर तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात ईथरचा स्प्रे मारला, तर तो लालबुंद प्लगवर अवेळी पेटतो. पिस्टन फुटलेली इंजिनं मी उघडली आहेत. आणि आधुनिक कॉमन रेल पंपाला (जास्त दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) वंगण मिळतं ते डिझेलमधूनच. रॉकेल घालून तुम्ही त्याला कोरडं चालवणार.

तुमच्या पत्रातला पांढरा धूर ही खरं तर चांगली बातमी आहे. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, म्हणजे डिझेल आत पोचतंय, फक्त पेटत नाही. सेल्फ फिरूनही सायलेन्सरमधून काहीच आलं नसतं, तर मी फिल्टर, पाइपातली हवा, पाणी किंवा गोठलेलं डिझेल याकडे गेले असते. त्यामुळे पहिला संशय हीटर प्लगवर.

डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर ते पेटतं. थंड लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं. हीटर प्लग ती तूट भरून काढतो, काही सेकंदांत आठशे अंशांच्या वर जातो. चारातला एक मेला तर तीन सिलिंडर पेटतात आणि चौथा पांढरा धूर सोडत गाडी हलवतो, तापेपर्यंत. तुमचं हादरणं तेच असावं, आणि सुरू व्हायला इतका वेळ लागतोय म्हणजे एकापेक्षा जास्त गेले असावेत. प्लगची वायर काढून प्लगचं टोक आणि इंजिनचा धातू यांत ओहम मोजा. धातूचा साधा चांगला प्लग अर्धा ते दोन ओहम दाखवतो, मेलेला अनंत. सगळे चांगले निघाले तर किल्ली 'ऑन' केल्यावर त्यांच्यापर्यंत वीज येते का ते बघा. रिले किंवा कंट्रोल युनिट गेलेलं असतं. बॅटरीची वायर थेट प्लगला लावून लाल होतो का बघायची जुनी पद्धत नव्या गाड्यांत करू नका. त्यांतले बरेच प्लग १२ व्होल्टपेक्षा कमीवर चालणारे असतात, लगेच जळतात.

मेलेला प्लग काढायचा तो इंजिन कोमट असताना, आणि जबरदस्ती न करता. हेडमध्ये तुटला तर तो वेगळाच उद्योग.

सेल्फची गतीही बघा. डिझेलला हवा जोरात दाबावी लागते. हळू फिरणाऱ्या सेल्फवर प्लग कितीही चांगले असले तरी उष्णता तयार होत नाही. म्हणजे बॅटरीची वरची सगळी तपासणी तुम्हालाही लागू.

प्रश्न : थंडीत डिझेल गोठतं म्हणतात. सुरू होऊन पाच मिनिटांनी बंद पडली तर तेच का?

उत्तर : असू शकतं. पूर्ण गोठत नाही, त्यातल्या मेणाचे कण वेगळे होतात आणि पहिल्यांदा फिल्टर तुंबवतात. पाइपात आधीच असलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते, ते संपलं की गुदमरते. फिल्टर काढून बघा, मेण दिसतं. गाडी उबेत आणा, फिल्टर बदला, थंडीसाठीचं डिझेल भरा. मेण न होऊ देणारं औषध आधी घालायचं असतं, मेण झाल्यावर त्याचा उपयोग फारसा नाही. टाकीखाली शेकोटी करणाऱ्यांना मी सल्ला देत नाही.

प्रश्न : जुनी कार्ब्युरेटरची गाडी हौसेने ठेवली आहे. कडक कोरड्या थंडीत मस्त चालते. पण दमट, धुक्याच्या सकाळी, पारा दहाच्या आसपास असताना, काही किलोमीटरवर दम सोडते. दहा मिनिटं थांबलो की जणू काही झालंच नाही. पंप, कॉइल, कंडेन्सर सगळं बदललं.

उत्तर : असं पत्र आलं की मजा येते. तुमच्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होतोय!

पेट्रोलची वाफ होताना ती भोवतालची उष्णता ओढून घेते, आणि अरुंद गळ्यातून जाणारी हवा आणखी थंड होते. दोन्ही मिळून कार्ब्युरेटरच्या आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा वीस अंश किंवा त्याहूनही खाली जाऊ शकतं. हवा दमट असली की तिच्यातलं पाणी थ्रॉटलच्या पाकळीवर बर्फ होऊन बसतं आणि हवेची वाट बंद होते. तुम्ही थांबता, इंजिनची ऊब वर चढते, बर्फ वितळतो, पुरावा नाहीसा. कडक थंडीत हवा कोरडी असते, बर्फ व्हायला पाणीच नाही, म्हणून तेव्हा मस्त चालते. विमानांच्या पिस्टन इंजिनांना हाच त्रास असल्यामुळे त्यांत कार्ब्युरेटरला गरम हवा द्यायचा खटका असतो.

तुमच्या गाडीतही सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवरून गरम हवा एअर फिल्टरकडे नेणारी एक नळी असायला हवी. हौसेने इंजिन चकाचक करताना ती बहुधा कुणीतरी काढून टाकली असेल, किंवा फिल्टरवरची पट्टी 'उन्हाळा' खुणेवर राहिली असेल. ते आधी बघा. खात्री करायची असेल तर बंद पडल्याबरोबर, एका मिनिटाच्या आत, फिल्टर काढून टॉर्चने आत बघा. पांढरं दिसेल.

प्रश्न : सकाळी सायलेन्सरमधून पाणी टपकतं, वाफ येते. इंजिन गेलं का?

उत्तर : नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमध्ये ते थेंब होऊन बाहेर येतं. सायलेन्सर तापल्यावर थांबलं पाहिजे. तापूनही दाट पांढरा धूर येत राहिला तर वरचं हेड गॅसकेटचं उत्तर वाचा.

प्रश्न : हीटर नुसता कोमट, ॲव्हरेज घसरलं, काटा मधल्या खुणेला पोचतच नाही. गाडी मात्र छान सुरू होते.

उत्तर : थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलाय. तो साधारण ८२ ते ९० अंशांना उघडायला हवा. सतत उघडा राहिला तर कूलंट रेडिएटरमधून फिरत राहतं, इंजिन तापत नाही आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड दिसेल. खात्रीसाठी थंड गाडी सुरू करून रेडिएटरच्या वरच्या नळीला हात लावा. पहिली काही मिनिटं ती गार राहून मग एकदम तापायला हवी. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेली तर थर्मोस्टॅट बदला, आणि त्याच वेळी कूलंट नुसतं पाणी तर नाही ना ते बघा. अर्धं कूलंट-अर्धं पाणी हे मिश्रण उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठत नाही. नुसतं पाणी शून्याला गोठून ब्लॉकला तडा देतं.

प्रश्न : सेल्फ जड फिरतो, बॅटरी आणि वायरी तपासल्या, ठीक आहेत. ऑइल २०डब्ल्यू-५० आहे, मेकॅनिक म्हणतो जाड ऑइल इंजिनला चांगलं.

उत्तर : 'डब्ल्यू'च्या आधीचा आकडा थंडीतला आहे. २०डब्ल्यू ऑइलची थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी उणे १५ अंशांवर घेतात, ५डब्ल्यूची उणे ३० वर. म्हणजे त्याच गारठ्यात ५डब्ल्यू बरंच सहज फिरतं आणि वर टॅपेटपर्यंत लवकर पोचतं. गाडीच्या पुस्तकात तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, त्यात बसणारं सगळ्यात लहान आकड्याचं ऑइल घ्या. आणि गिअरच्या गाडीत सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबा, गिअरबॉक्समधलं घट्ट ऑइल तरी सेल्फच्या बोकांडी बसणार नाही.